किल्लेदाराच्या बायकोचं रडणं

बाबा गेले तेव्हा आईच्या तोंडून पहिला सूर निघाला तो अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर, आणि तो तिथेच थांबला. डॉक्टरांनी "आम्ही प्रयत्न केले" असं म्हणायला सुरुवात केली, तेव्हाच तिला कळलं होतं. ती भिंतीला टेकून खाली बसली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि "अवो बापाऽऽ" अशी एक लांब हाक तिने घातली. कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली. सिक्युरिटीचा माणूस जवळ आला. वाईट नव्हता तो. वाकून, हात जोडल्यासारखे करत म्हणाला, "मावशी, आत सिरियस पेशंट आहेत हो. इथे नको." आईने लगेच तोंड मिटलं. कुणी नीट सांगितलं तर ऐकायचं, हे ती आयुष्यभर करत आलेली आहे.

आम्ही वऱ्हाडातले. बाबा तालुक्याच्या गावी एका जिनिंगमध्ये कामाला होते. कापसातली सरकी वेगळी करायची, गठाणी बांधायच्या, आणि दिवसभर ती धूळ नाकातोंडात घ्यायची. धूळ छातीत साठत गेली. आधी दोन जिने चढले की दम लागायचा, मग एक, मग नुसतं बोललं तरी. म्हणून मी दोघांना पुण्याला घेऊन आले. मी इथे धायरीत अकराव्या मजल्यावर एकटी राहते, नोकरी हिंजवडीत. लग्न केलं नाही, आणि त्या विषयावर बोलून बोलून घरचे सगळे आता दमले आहेत. बाबा माझ्याकडे पावसाळा आणि थंडी काढून, ऊन तापायला लागलं तेव्हा गेले.

गावी न्यायचं का, असं मी काकांना फोनवर विचारलं. रस्ता रात्रभराचा, त्यात तो उन्हाळा. काका म्हणाले, "तिथंच करून घ्या." विद्युतदाहिनीत मीच बटण दाबलं. बाहेर पुढची मंडळी त्यांचं माणूस घेऊन थांबलेली होती. आई पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती.

घरी आल्यावर ती हॉलमध्ये भिंतीशी बसली. मला वाटलं, आता रडेल. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या तरुणाचा आवाज आला. त्याची मीटिंग चालली होती. "कॅन एव्हरीवन सी माय स्क्रीन?" असं तो विचारत होता. आईने भिंतीकडे पाहिलं.

"यायले आपलं ऐकू जाते का वं?"

"थोडंफार जात असेल."

"अस्सं," ती म्हणाली आणि आडवी झाली.

दहाव्याला गावाकडून चार पुरुष माणसं रातराणीने आली, जेवली आणि परत गेली. आत्याला गुडघ्यांमुळे येता आलं नाही. बायका कुणीच आल्या नाहीत. आमच्याकडे बायका आल्याशिवाय माणूस नीट जात नाही. त्या दारातूनच सूर लावत येतात, घरच्या बाईच्या गळ्यात पडतात आणि मग दोघी मिळून गेलेल्या माणसाला हाका मारत, त्याचं सगळं सांगत, हेल काढून रडतात. बाहेरच्या माणसाला तो नुसता आक्रोश वाटतो. पण त्याला चाल असते, कुठे थांबायचं आणि कुठे उचलायचं हे ठरलेलं असतं. माझी आई त्यात वाकबगार होती. गावात कुणी गेलं की निरोप यायचा, आणि ती हातातलं काम टाकून जायची. मी लहानपणी आमच्या ओसरीवर बसून तीन घरं पलीकडून येणारा तिचा आवाज ओळखायचे. तिच्यामागून बाकीच्या बायका रडायला लागायच्या.

त्या आईचा आवाज बाबा गेल्यावर महिनाभरात नाहीसा झाला. आधी बसला, मग घोगरा झाला, मग नुसती हवा. भाजीवाल्याला भाव विचारायचा तरी ती माझ्याकडे बघायची. मला वाटलं सर्दी असेल. वाफ झाली, हळद झाली, दोन दवाखाने झाले. शेवटी कुणीतरी सांगितलं की आपल्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर घशाचे डॉक्टर आहेत, निवृत्त, पण बघतात.

डॉक्टर सदाशिव पेठेतून इथे राहायला आलेले. एकटेच. दार उघडल्यावर आधी म्हणाले, "चपला बाहेर. आजार आत." आईला खुर्चीत बसवून त्यांनी तिची जीभ फडक्याने धरली, लांब दांडीचा छोटा आरसा घशात घातला आणि बराच वेळ बघत राहिले. तिला "ई" म्हणायला लावलं. मग आरसा पुसत माझ्याकडे वळले.

"स्वरतंतू उत्तम आहेत. माझ्यापेक्षा चांगले."

"मग आवाज का येत नाही?"

"ते मला विचारू नका, त्यांना विचारा. घशाला काहीही झालेलं नाही."

आई माझ्याकडे बघत होती. मी डॉक्टरांना बाबांचं सांगितलं. हॉस्पिटलच्या दाराबाहेरचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि सहानुभूतीचा एक शब्दही बोलले नाहीत. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "रविवारी दुपारी चार वाजता क्लब हाऊसमध्ये मी ऑपेरा दाखवतो. चित्रित केलेला, पडद्यावर. इटालियन आहे. आपण दोघी आलात तर माणसं दिसतील तरी. हल्ली येतात ते एसीसाठी येतात."

मी नाहीच म्हणणार होते. पण आईने हवेसारख्या आवाजात विचारलं, "काय दाखवतेत?"

"गाणं, ताई," डॉक्टर म्हणाले. "मोठ्याने गाणं."

रविवारी आम्ही गेलो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पांढरा पडदा, आणि खरंच मोजकी डोकी. एक आजोबा आल्याआल्या झोपले. डॉक्टरांनी उभं राहून आधी गोष्ट सांगितली. तळ्याकाठचा किल्ला आहे. किल्लेदार आहे, त्याची बायको आहे आणि किल्ल्यावर डोळा असलेला एक सरदार आहे. सरदार किल्लेदारावर फितुरीचा आळ घेतो, राजा त्याचं ऐकतो, आणि दुसऱ्या अंकात किल्लेदाराचं प्रेत अंगणात आणून ठेवतात. "गोष्ट सुमार आहे," ते म्हणाले, "तिच्या मागे लागू नका. या गायकीला बेल कांतो म्हणतात, म्हणजे सुंदर गाणं. दुःख कितीही होऊ दे, सूर वाकडा जायला नको, असा त्या लोकांचा हट्ट होता. तो हट्ट ऐकायला आपण इथे बसलोय."

पहिला अंक मला लांबला. इटलीतलं कुठलं तरी जुनं नाट्यगृह, लाल मखमल, वाजवणारे खाली खड्ड्यासारख्या जागेत बसलेले. रंगमंचावर मेजवानी चालली होती, पन्नासएक माणसं हातात पेले घेऊन एकदम गात होती. आई माझ्या कानाशी म्हणाली, "एवढ्या लोकायचा सयपाक कोण करते वं?" बाबा गेल्यापासून तिने स्वतःहून विचारलेला तो पहिलाच प्रश्न असावा. मी हसले. ती हसली नाही, तिला उत्तर हवं होतं.

दुसऱ्या अंकात प्रेत आणलं. चार शिपायांनी फळीवरून आणून अंगणाच्या मधोमध ठेवलं. किल्लेदाराची बायको पायऱ्या उतरून आली. मला वाटलं आता ही किंचाळणार. तिने तसं काही केलं नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या कोटाची बटणं लावायला लागली, एकेक, खालून वर. खड्ड्यातून सनईसारखं एक वाद्य एकटंच वाजायला लागलं. मग तिने सूर लावला. इतका बारीक की आधी तो वाद्याचाच वाटला. तो तिने तसाच धरला, हळूहळू भरत नेला, सगळं नाट्यगृह भरेल इतका मोठा केला, आणि पुन्हा तितक्याच सावकाश लहान करत आणला. मध्ये श्वास घेतला नाही.

कॅमेरा तिच्या अगदी जवळ गेला. पन्नाशीची असेल ती बाई. कपाळावर टोपाच्या कडेला घाम दिसत होता, गळ्याची शीर उडताना दिसत होती. नाट्यगृहातल्या कुणाला हे दिसलं नसेल, आम्हाला पडद्यावर दिसत होतं. आई खुर्चीच्या टोकावर आली होती.

खाली इंग्रजीत शब्द येत होते. ते मी आईला सांगायला लागले, "ती म्हणतेय, तू इतका गार कसा, मी शेकोटी पेटती ठेवली होती."

आईने माझ्या हातावर हात दाबला. "नको सांगू. समजून रायलं."

आणि खरोखरच शब्दांत फारसं काही नव्हतंच. तेच एक वाक्य ती बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती. शेकोटी पेटती ठेवली होती मी, पेटती ठेवली होती. पहिल्यांदा साधं. मग त्यालाच बारीक बारीक वळणं द्यायला लागली, "पेटती"वर चढून खाली घरंगळत यायची, पुढच्या वेळी तिथेच अडून राहायची. सगळे शिपाई भोवती उभे होते. तो सरदारही होता, ज्याने हे घडवून आणलं होतं. तोही टोपी काढून, मान खाली घालून उभा होता.

"थो दुश्मन होय ना?" आईने विचारलं.

"हो."

"थोही चूप उभा हाय." थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "तिले कोणी उठ म्हणून नाही रायलं."

तिचे डोळे कोरडे होते. पदर नेहमीसारखा खांद्यावरून घेतलेला होता, तो तिने हळूच डोक्यावर घेतला.

गाणं संपलं आणि पडद्यावरचं नाट्यगृह टाळ्यांनी फुटलं. माणसं ओरडत होती, उभी राहत होती. प्रेताशेजारी बसलेली ती बाई तशीच खाली मान घालून थांबली होती. आई दचकली. कुणीतरी चापट मारल्यासारखा तिचा चेहरा झाला.

"टाळ्या काऊन वाजवून रायले? तिचा नवरा मेला ना?"

डॉक्टर पुढच्याच खुर्चीवर होते. ते वळले. "ताई, तो मेलेला नाही. पडदा पडला की आत जाऊन कॉफी पिईल."

"मंग थे बाई खोटी रडली?"

डॉक्टरांकडे कशालाही तयार उत्तर असायचं. या वेळी त्यांनी आधी खुर्ची आईकडे वळवली. "खोटी नाही म्हणता येणार," ते म्हणाले. "शिकून रडली."

पुढे एक दूत धावत येतो, किल्लेदार निर्दोष होता असं राजाने कबूल केल्याचं सांगतो, आणि ती बाई उठून अतिशय जलद, चढ्या आवाजात काहीतरी गाते आणि कोसळते. डॉक्टर त्या गाण्याला मांडीवर बोटांनी ताल देत होते. आईचं मन मात्र त्यातून उठलं होतं. बाहेर पडताना म्हणाली, "हे शेवटचं घाईचं मले नाही पटलं. आधीचं बराबर होतं."

दारात डॉक्टर प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते. आई त्यांच्याजवळ थांबली. "थे बाई कोणापाशी शिकली?"

"असेल कुणी शिक्षिका. फार वर्षं शिकावं लागतं."

"मी मावशीपाशी शिकली."

"काय शिकलात?"

"रडणं."

डॉक्टरांनी वायर बाजूला ठेवली. मग तिथेच, क्लब हाऊसच्या पायरीवर बसून, आईने त्या नसलेल्या आवाजात त्यांना सांगितलं. मावशी कशी तिला लहानपणी सोबत न्यायची. आधी नुसतं "वो" म्हणायला बसवायची. हाक संपताना सूर खाली सोडायचा, तुटू द्यायचा नाही. दम कधी घ्यायचा, तर बाकीच्या बायका रडत असतात तेव्हा. डॉक्टर तिच्या शेजारी पायरीवर टेकले. शेवटी म्हणाले, "एकदा करून दाखवाल?"

"दाखवाचं नसते थे," आई म्हणाली.

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "माफ करा."

त्या आठवड्यात आईने मला दोनदा विचारलं की ते पुन्हा बघायला मिळेल का. सगळं नको, तेवढंच. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, घरी या. मी घरून काम करत होते त्या दिवशी दुपारी आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या टीव्हीवर तो बटणं लावण्याचा प्रसंग लागला. आई जमिनीवर बसून बघत होती, आम्ही सोफ्यावर. टाळ्यांच्या आधीच डॉक्टरांनी आवाज बंद केला. आईच्या ते लक्षात आलं.

मग डॉक्टरांनी घसा साफ केला आणि विचारलं, "तुमच्याकडे पुरुष रडतात का असे?"

"नाही," आई म्हणाली. "माणसं बाहेर बसून आयकतेत."

"ऐकून काय करतात?"

"काय करतीन? त्यायचंही होते त्याच्यात."

डॉक्टर उठून चहा टाकायला आत गेले. त्यांची पत्नी जाऊन सहा-सात वर्षं झाली आहेत हे मला खालच्या वॉचमनकडून कळलं होतं, त्यांच्याकडून कधीच नाही. चहा यायला बराच वेळ लागला. परत वर येताना लिफ्टमध्येच आईने मला सांगितलं, "मले रडाचं हाय. पण चोरून नाही. सांगून रडीन."

आता हे कुणाला आणि कसं सांगायचं, मला समजेना. गाडी करून गावी जाऊ, मोकळ्या घरात जाऊ, असं मी सुचवलं. ती नको म्हणाली. "ते इथं गेले. इथूनच गेले. मंग इथंच रडावं लागते." तिने नवी साडी नाही, पण धुतलेली साडी नेसली आणि मला घेऊन आमच्या मजल्यावरच्या तिन्ही दारांवर गेली. ती कुजबुजायची, मी मोठ्याने सांगायचे. शनिवारी सकाळी आई माझ्या वडिलांसाठी रडणार आहे. आमच्या गावाकडची पद्धत आहे. आवाज मोठा होईल. घाबरू नका.

शेजारच्या मीटिंगवाल्या तरुणाची बायको ऐकून गोंधळली. "काकू, आम्ही तेवढा वेळ बाहेर जाऊ का? म्हणजे तुम्हाला प्रायव्हसी..."

"नका जाऊ," आई म्हणाली. "आयकलं तं चालते."

दुसऱ्या दारातल्या गृहस्थांनी फक्त मान हलवली. तिसऱ्या दारातल्या आजींनी चष्मा काढून आईकडे पाहिलं आणि विचारलं, "मी आले तर चालेल?"

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही मी दोन ओळी टाकल्या. अंगठे आले, हात जोडलेले आले. एकाने विचारलं, अंदाजे किती वेळ चालेल? त्याला डॉक्टरांनी उत्तर दिलं: "आपल्या वरच्या मजल्यावर तीन आठवडे टाइल्स फोडत होते. तेव्हा आपण वेळ विचारल्याचं स्मरत नाही." पुढे कुणी काही लिहिलं नाही.

शनिवारी आईने अंघोळ केली, हॉलमधलं टीपॉय सरकवायला लावलं आणि विचारलं, "गाव कोणत्या अंगाले?" मी फोनवर दिशा बघून हात केला. बरोबर त्या बाजूला फ्रिज होता. ती फ्रिजकडे तोंड करून बसली. दार तिने उघडंच ठेवायला सांगितलं होतं. तिसऱ्या दारातल्या आजी काठी टेकत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. शेजारच्या तरुणाची बायको आली, कुठे बसावं न कळून माझ्याजवळ भिंतीशी बसली. डॉक्टर आत आले नाहीत. लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत त्यांनी घरून आणलेली घडीची खुर्ची मांडली.

आईने पदर ओढला. पहिली हाक निघाली ती निघाल्यासारखी नव्हतीच, नुसता घशातून वारा आला. दुसऱ्यांदा तेच. मला वाटलं, नाही जमणार हिला, आणि आता या माणसांसमोर काय करायचं. ती थांबली. पोट आत घेऊन एक लांब श्वास घेतला. तिसऱ्यांदा मधेच आवाज फुटला, कापडासारखा टरकला, आणि त्या फाटक्या आवाजातच तिने हाक धरून ठेवली.

"कुठं गेले वो तुम्ही... माया घराचा खांब मोडला वोऽऽ..."

मग ते चालू झालं. त्यात बाबांचं लग्नातलं वय होतं. जिनिंगमधून आल्यावर त्यांच्या भुवयांवर, मिशांवर कापूस बसलेला असायचा आणि तिशीतला माणूस म्हाताऱ्यासारखा दिसायचा, हे होतं. "तरुणपणी म्हातारे दिसले वो, म्हातारपणी लेकरू झाले." नाल्याला पूर आलेला असताना तिच्यासाठी घेतलेली साडी सदऱ्यात गुंडाळून डोक्यावर धरून ते छातीभर पाण्यातून आले, हे होतं. मी हे कधीच ऐकलं नव्हतं. शेवटच्या दिवसांत ते उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचे, हे होतं. प्रत्येक गोष्ट झाली की पुन्हा "माया घराचा खांब मोडला वो", दर वेळी जरा निराळं, कधी खांबावर थांबून, कधी सगळं एका दमात खाली ओतून. मला माहीत असलेला तिचा आवाज हा नव्हता. खरखरीत होता, मधे मधे दिसेनासा व्हायचा. पण ती तो पडू देत नव्हती.

आणि मग ती माझ्यावर आली.

"लेकीनं बटण दाबलं वो... लेकीच्या हातानं गेले तुम्ही... तिचा हात किती गार पडला वो, कोणी पाह्यला नाही, कोणी पाह्यला नाहीऽऽ..."

त्या दिवशी विद्युतदाहिनीच्या इमारतीतून बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला होता, हे मला आठवलं. तिला तेव्हा माझा हात गार लागला असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी रडले. सूर लावता मला येत नाही, मी नुसतीच, नाक पुसत, कशीही रडले. त्या शेजारणीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तीही रडायला लागली, कुणासाठी ते मी विचारलं नाही. आम्ही रडत होतो तेवढ्यात आईने श्वास घेतला आणि पुन्हा उचललं.

संपलं तेव्हा एकदम संपलं. तिने पदर मागे केला, डोळे पुसले आणि इकडेतिकडे पाहिलं. गावाकडे अशा वेळी बायका उठवतात, तोंड धुवायला लावतात, पाणी देतात. इथे कुणाला काही माहीत नव्हतं. आजी उठल्या, काठी भिंतीला लावली, आमच्याच स्वयंपाकघरात जाऊन तांब्या भरून आणला आणि आईच्या हातावर पाणी घातलं. मी बाहेर डोकावले. डॉक्टर खुर्चीत पुढे वाकून, कोपरं गुडघ्यांवर टेकून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने लिफ्टचा आवाज आला, मग खुर्ची तिथे नव्हती.

दुपारी आई पोटभर जेवली आणि झोपली. आवाज त्या दिवसापासून परत यायला लागला. पूर्वीसारखा नाही. अजूनही वरच्या पट्टीत गेला की चिरतो, पण भाजीवाल्याला ती आता स्वतः विचारते, आणि तो भाव कमी करतो ते तिच्या त्या आवाजाला घाबरून, असं माझं मत आहे. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात एक विनोदी ऑपेरा दाखवला. आई गेली आणि मध्यंतरालाच परत आली. "चांगला हाय," म्हणाली, "पण मले काम होतं." कसलंही काम नव्हतं.

वर्षश्राद्धाला आम्ही गावी गेलो. आत्या आणि भावकीतल्या बायका ओसरीवर वाट बघत होत्या. आई पायरी चढताच आत्याने गळा काढला. आईने तिला जवळ घेतलं, तिला रडू दिलं, स्वतः मात्र सूर लावला नाही. बायका तिच्या तोंडाकडे बघायला लागल्या. "मायं पुण्यातच झालं," तिने सांगितलं. आत्याला ते आवडलं नाही. पुण्यात कोण होतं आयकाले, असं ती नंतर दोन-तीनदा पुटपुटली.

परत आल्यावर एका रविवारी आई मेथी निवडत होती आणि मी तिच्यासमोर बसून नुसतीच देठं मोडत होते. बरेच दिवस मनात होतं ते मी विचारलं. "आई, बाबा खरंच पुरातून साडी घेऊन आले होते?"

"साडी आणली होती."

"आणि पूर?"

तिने हातातली जुडी झटकली. "पूर मी टाकला. नाल्याले पाणी होतं, घोट्यापर्यंत. पण घोट्यापर्यंतच्या पाण्यावर कोण रडते वं?"

"म्हणजे बाकीचंही असंच?"

"बाकीचं खरं हाय. जे सांगाचं नसते थे नाही सांगतलं फक्त." मग मी न विचारता ती ते सांगायला लागली. साडी आणली ती तिच्या आवडीची नव्हती, मातकट रंगाची होती, आणि ती नेसली नाही म्हणून बाबा तिच्याशी एक अख्खी दिवाळी बोलले नव्हते. पगार झाला की आधी त्यांच्या बहिणीकडे जायचा. मला शहरात शिकायला पाठवायला बाबा नको म्हणत होते, तेव्हा आठ दिवस घरात भांडण पेटलेलं होतं, आणि शेवटी गप्प बसले ते बाबा. ती भराभरा सांगत होती, चढ्या आवाजात, चिरत. वर्षभरात पहिल्यांदा ती त्यांच्याविरुद्ध बोलत होती. भिंतीपलीकडे शेजारच्यांचा टीव्ही चालू होता. तिने तिकडे लक्ष दिलं नाही.